पाठ

नाईक तलावाच्या मागच्या गल्लीत, मे महिन्यात,
कूलरच्या घरघरीसमोर
डोमाजी बारापात्रे उस्ताद खाटेवर आहेत.
ज्यांची पाठ मातीला लागलेली
तांडापेठेत कुणी पाहिली नव्हती,
ती पाठ आता माझ्या हवाली.

दर दोन तासांनी गजर वाजतो.
मी त्यांचा उजवा गुडघा दुमडते,
एक हात खांद्याखाली, एक कमरेला,
श्वास बाहेर पडेस्तोवर थांबते
आणि वळवते.
डाव त्यांचाच. तेव्हा म्हणायचे, झटक्यानं.
आता मी तो इतका सावकाश करते
की चादरीवरची माशीसुद्धा उडत नाही.

माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा.
तिच्यावर माझी नजर,
जशी त्यांची असायची समोरच्याच्या पायांवर.
"डोये नोको पाहू वं पोट्टे, पाय पाह्य.
डोये लबाड अस्तेत."
म्हणून मी पाय पाहते.
तळवे गार, नखं जांभळी.

पहिलं वर्षभर त्यांनी मला फक्त पडायला शिकवलं.
आखाड्यात नाही, तिथं पोरींना मनाई;
मागच्या अंगणात,
मागावरच्या चिंध्या भरलेल्या गोणपाटावर.
हनुवटी छातीला, बोटं मिटलेली, अंग सैल.
आई विचारायची, काय शिकलीस?
पडायला, मी म्हणायची,
आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

मोरेश्वर काल रात्री गाडी घेऊन आला.
धंतोलीत बेड मिळाला, मशीन आहे,
नळी टाकतील. लढले पायजे बाबा.
लढणं हा शब्द त्यानं तीनदा वापरला.
मी ओल्या कापसानं उस्तादांचे ओठ पुसत होते.
पुसता पुसता त्याला ती नागपंचमी आठवून दिली:
कामठीचा पोरगा खाली, खांदा निखळलेला,
ओरडत नव्हता, दातांत माती धरून होता,
आणि उस्ताद, पितळी हंडा अर्ध्या मिनिटावर,
पकड सोडून उभे राहिले.
पंचांना म्हणाले, सोडवा.
लोकांनी चपला फेकल्या.
तू तेव्हा काकाच्या खांद्यावर होतास.
घरी येईस्तोवर रडलास, हंड्यासाठी.

त्यानं गाडीची किल्ली बराच वेळ
या हातातून त्या हातात केली.
मग म्हणाला, तू पगारी आहेस, विसरू नको.
मग, पाचेक मिनिटांनी,
पाय कोन्त्या बाजूनं धरू?

वाहाणे डॉक्टरीणबाईंचं औषध,
जिभेखाली चार थेंब.
दुखणं अंगावर आलं की समोर उभं राहायचं नाही,
बाजूला सरकायचं,
त्याच्या वजनानं त्यालाच पुढं जाऊ द्यायचं.
हे नेहमी जमत नाही.
परवा जमलं नाही. परवा ते गुरासारखे ओरडले
आणि मी न्हाणीत जाऊन
भिंतीवर मुठी मारल्या,
सगळं शिकवणं विसरून.

पहाटे श्वासांत अंतर पडू लागलं.
एक.
मी मनात बैठका मोजते, अकरा, बारा,
मग दुसरा.
दम राखून खेळा, सगळ्यांना सांगायचे;
स्वतःचा कुठं राखून ठेवलाय
ते कुणाला सांगितलं नाही.
अंग सैल. बोटं मिटलेली.
हनुवटी छातीकडं.
आईला दाखवायला हवं होतं.

त्रेचाळीस बैठकांनंतर मी मोजणं थांबवलं.

साडेपाचला गजर वाजला.
मी सवयीनं उठले, गुडघ्याखाली हात घातला.
मोरेश्वर म्हणाला, राहू दे.
कूलर त्यानंच बंद केला.
दोघांनी मिळून उस्तादांना
कुशीवरून हळूच उताणं केलं,
आणि लागू दिली पाठ.